कुठून आलाव, कुठं चाललाव?

आमच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्याकडं रस्त्यानं चाललेल्या अनोळखी माणसाला पारावरचा एखादा म्हातारा हमखास विचारायचा, "कुठून आलाव, कुठं चाललाव?" त्यात चौकशी कमी आणि आपुलकी जास्त. गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न आडनावाचा, त्यापुढचा सोयऱ्याधायऱ्यांचा. तेवढ्यात कुणीतरी कुणाचा तरी साडू निघायचा आणि घरातून चहा यायचा. २०२० च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या साथीत, हाच प्रश्न जिल्ह्याच्या हद्दीवर बांबूचा अडसर टाकून, कपाळासमोर तापमान मोजायचं यंत्र धरून विचारला जाऊ लागला. त्याचं बरोबर उत्तर काय, हे मात्र विचारणाऱ्यालाही रोज सकाळी नव्यानं शिकावं लागे.

मी शिक्षक. शाळा बंद होत्या, म्हणून आमच्यापैकी अनेकांना तपासणी नाक्यावर ड्युटी लागली. पोलीस, आरोग्यसेवक, तलाठी आणि आम्ही. पत्र्याच्या शेडखाली एक टेबल, सॅनिटायझरची बाटली आणि आडव्या रेघांची एक जाड वही. वहीत रकाने असे: वाहनाचा नंबर, कुठून, कुठे, कारण, पास क्रमांक, सही. 'कारण' हा रकाना सगळ्यात अरुंद होता आणि माणसांना सगळ्यात जास्त सांगायचं असायचं ते त्याच रकान्यात.

आमच्या भागाला नाका नवा नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि आष्टीच्या पश्चिमेला नगर जिल्हा १९४७ पर्यंत इंग्रजी मुलुखात. बांधाच्या अलीकडं एक राज्य, पलीकडं दुसरं. इकडं निजामाचा हाली सिक्का, तिकडं कलदार, म्हणजे इंग्रजी रुपया. साधारण सात हाली दिले की सहा कलदार हातात येत. मधे करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाची जकात. आजोबा सांगायचे की नाक्यावरच्या शिपायाची नजर गाडीतल्या मालावर असायची, माणसाकडं तो बघतसुद्धा नसे. पोत्यात काय, तूप किती, कापड नवं की वापरातलं. लेक सासरी निघाली की नवं लुगडं नेसूनच गाडीत बसायची, म्हणजे त्यावर जकात बसत नाही. नियम एक होता आणि तो दोन्ही बाजूंच्या लोकांना तोंडपाठ होता. त्यातल्या फटीही तोंडपाठ होत्या. लोकांचा राग होता तो राज्यावर. म्हणूनच हैदराबाद मुक्तिलढ्यात करोडगिरीचे नाके जाळले गेले. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर अशी पहिली एसटी धावली, तेव्हा नगर स्वतंत्र भारतात होतं आणि आमची आष्टी अजून निजामाच्या ताब्यात.

साथीचा नाकाही जुन्या माणसांनी पाहिला होता, तो पंढरीच्या वाटेवर. वारीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ पसरू नये म्हणून वारकऱ्यांना सुई टोचल्याशिवाय पंढरपुरात सोडत नसत. आजी त्याला 'टोचणी' म्हणायची. टोचणीचा चिठोरा ती कमरेच्या पिशवीत, तुळशीच्या माळेसोबत जपून ठेवायची. सुईला भिणारे काही जण रात्री शेताशेतांनी नाका चुकवून जात, हेही ती हसत सांगायची. तो नियम कडक होता, पण ध्यानात ठेवायला सोपा. सुई टोचली की आत आणि नाही टोचली की बाहेर. पन्नास-साठ वर्षांनी याच वारीचं काय झालं, ते पुढं सांगतो.

मधल्या काळात आम्ही नाका विसरून गेलो. शहरांच्या तोंडाशी नगरपालिकेची जकात होती, पण ती ट्रकवाल्यांची डोकेदुखी. एसटीत बसलेल्या माणसाला कंडक्टर फक्त कुठं जायचं ते विचारी, तेही तिकिटाच्या पैशांसाठी. जिल्ह्याची हद्द लागली हे रस्त्याकडेच्या पाटीवरून कळे, नाहीतर रस्त्यातले खड्डे अचानक बदलले की कळे. बीडचं लग्न, नगरचा दवाखाना, पुण्याची नोकरी, जामखेडचा बाजार ही सगळी आमच्या लेखी एकाच घराची दालनं होती. कोणत्या दालनातून कोणत्या दालनात जायचं, त्याला परवानगी कसली मागायची?

या मोकळ्या वाटेवर सगळ्यात जास्त कोण चालत असेल तर ऊसतोड कामगार. दसरा झाला की मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देऊन जोड्या ठरवायचा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. रात्रीतून ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या निघायच्या. कुणी सांगली-कोल्हापूर, कुणी बारामती-इंदापूर, कुणी थेट कर्नाटकातल्या कारखान्यांवर. गाडीत भांडीकुंडी, पेटी, शेळी, कोंबड्या, पोरं आणि एखादी म्हातारी. हद्दीवर कुणी अडवत नसे. सहा महिने ही माणसं कोणत्या गावात राहतात, याची लेखी नोंद एकाच ठिकाणी असायची: मुकादमाच्या वहीत. सरकारदरबारी ती कायम बीड जिल्ह्यातल्या आपल्या घरीच असत, मग घराला कुलूप का असेना. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की पाडव्यापासून अक्षय्यतृतीयेपर्यंत टोळ्या परत यायच्या आणि ओसाड पडलेली गावं भरून जायची. आमच्या शाळेचा हजेरीपटही त्याच वेळापत्रकावर चालायचा.

२०२० साली गुढीपाडवा आला २५ मार्चला, म्हणजे देशाच्या टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी. कित्येक कारखान्यांवर ऊस उभा होता. जे निघाले होते ते वाटेत अडले, जे फडात होते ते फडातच थांबले. सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड मजूर राज्यातल्या ३८ कारखान्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्यांमध्ये अडकून पडले होते आणि त्यात बीडची माणसं मोठ्या संख्येनं होती. १७ एप्रिलला राज्य सरकारनं त्यांना घरी सोडायचा निर्णय जाहीर केला. त्यासोबत अटी आल्या. कारखान्यानं प्रत्येकाची आरोग्य तपासणी करायची, गाव-तालुक्यानिशी याद्या करायच्या, प्रशासनाची परवानगी घ्यायची, गावच्या सरपंचाला आधी कळवायचं आणि वाहनाची सोय करून माणसं गावापर्यंत पोचवायची.

त्या याद्या आमच्या टेबलावर येत. एक यादी अजून डोळ्यांपुढं आहे. कारखान्याच्या लेटरहेडवर टाईप केलेली नावं. खाली शाईच्या पेनानं कुणीतरी वाढवलेलं, 'बैल २, शेळी १, कोंबड्या'. वाहनचालकानं सांगितलं, "गुरुजी, बैल ऱ्हायले असते तर मानूस बी आलं नसतं." यादीत एक नाव कमी होतं. एका बाईचं फडातच बाळंतपण झालं होतं आणि पंधरा दिवसांच्या बाळाचं नाव अजून ठेवलेलं नव्हतं, म्हणून ते यादीत बसवता येईना. तलाठ्यानं वहीत 'बाळ' असं लिहिलं, आईचं नाव पुढं जोडलं आणि गाडी सोडली. त्या अख्ख्या उन्हाळ्यात मी पाहिलेला सगळ्यात शहाणा निर्णय तो होता. तो कुठल्याही आदेशात लिहिलेला नव्हता.

बाकी आदेशांना तोटा नव्हता. केंद्राचा आदेश, राज्याचा आदेश, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, तहसीलची सूचना आणि गावच्या समितीचा ठराव, अशी पाच पानांची चळत मोबाईलवर येऊन पडे. दौलावडगाव, मातोरी, चौसाळा, गोदावरीकाठचं खामगाव ही नावं एरवी एसटीच्या थांब्यांची. ती आता नाक्यांची झाली. एप्रिलच्या शेवटी केंद्रानं साथीच्या जोरावरून जिल्ह्यांना रंग दिले. बीड नारिंगी, शेजारचं उस्मानाबाद हिरवं, औरंगाबाद लाल. नकाशावर हे छान दिसे. पण चौसाळ्याच्या पुढं ज्याचं शेत आणि अलीकडं ज्याचं घर, त्यानं सकाळी हिरव्या रंगात पेरायला जायचं आणि संध्याकाळी नारिंगी रंगात जेवायला यायचं, ते कसं? आष्टी तालुक्यातल्या पिंपळा गावी एप्रिलमध्ये जिल्ह्यातला पहिला रुग्ण सापडला. उपचार झाले नगरला. म्हणजे रोग कागदावर बीडचा आणि खाट नगरची. आमच्या तालुक्याचं सगळं जगणंच असं दोन जिल्ह्यांत मांडलेलं.

मे महिन्यात अडकलेल्यांचे पास सुरू झाले. पुण्यात अडकलेल्या माणसाला आष्टीला यायचं तर तिथल्या पोलिसांकडं किंवा प्रशासनाकडं अर्ज, सोबत डॉक्टरचा दाखला, आणि पाठवणाऱ्या जिल्ह्याबरोबर घेणाऱ्या जिल्ह्याचीही संमती. चाकणला कंपनीत असलेला माझा पुतण्या दाखल्यासाठी दवाखान्यासमोर उन्हात रांगेत उभा राहिला. साथीत गर्दी करायची नाही, हा नियम पाळत असल्याचा कागद मिळवायला शेकडो माणसं एकमेकांना खेटून उभी होती. अर्जात प्रवासाचं कारण निवडायचं होतं. त्याचं खरं कारण होतं, 'खोलीभाडं संपलं आणि मेस बंद'. ते यादीत नव्हतं. अर्ज एकदा नामंजूर झाला, का ते लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्यांदा मंजूर झाला, का तेही लिहिलेलं नव्हतं.

गावात आल्यावर पुढचा नाका ग्रामसमितीचा. वेशीवर बोरी-बाभळीच्या फांद्या, कुठं जेसीबीनं खणलेला चर. जिल्ह्याच्या नाक्यावर चालणारा पास गावाच्या नाक्यावर चालेलच असं नव्हतं. "कलेक्टरची सही हाय, पर गावाची कुटं हाय?" असं विचारणारे तरुण मी पाहिले आहेत आणि त्यांच्या भीतीला मी नावं ठेवणार नाही. पुतण्या शाळेच्या खोलीत चौदा दिवस राहिला. ज्या बाकावर बसून तो पाढे शिकला, त्यावर त्याचं अंथरूण होतं. घरचा डबा खिडकीत ठेवून भावजय दूर उभी राही.

नियम नुसते जास्त होते असं नाही, ते एकमेकांना छेदत होते. याचं माझं आवडतं उदाहरण ऑगस्ट २०२० चं. केंद्रानं आधीच सांगितलं होतं की जिल्ह्याजिल्ह्यांतल्या प्रवासाला वेगळी परवानगी नको. राज्यानं ई-पास ठेवला. मग २० ऑगस्टपासून एसटीची आंतरजिल्हा सेवा सुरू झाली आणि एसटीच्या प्रवाशाला पास लागणार नाही असं ठरलं. स्वतःच्या गाडीला मात्र पास हवाच. म्हणजे बायको-पोरांसह चौघं आपल्या जीपमधून निघाले तर संशयित, आणि तेच चौघं अनोळखी लोकांसोबत एसटीत बसले तर मोकळे. पारावरच्या एका आजोबांनी मला हे पुन्हा पुन्हा समजावून सांगायला लावलं आणि शेवटी म्हणाले, "गुरुजी, तुम्ही गणिताचे का मराठीचे?" २ सप्टेंबरपासून खासगी गाड्यांचाही पास गेला, तेव्हा कुठं हा हिशेब मिटला.

२०२१ च्या एप्रिलात पास पुन्हा आला, दुसऱ्या लाटेसोबत. या वेळी दवाखाना, अंत्यविधी, घरातला गंभीर आजारी माणूस अशी मोजकीच कारणं. एसटीतून परजिल्ह्यात उतरणाऱ्याच्या हातावर चौदा दिवसांच्या विलगीकरणाचा शिक्का. जूनमध्ये राज्याचे पाच स्तर झाले, बाधितांचं प्रमाण आणि भरलेले ऑक्सिजनचे बेड पाहून दर आठवड्याला ठरणारे. पाचव्या स्तरातल्या जिल्ह्याशी संबंध आला तरच पास. आपला जिल्हा या आठवड्यात कितव्या स्तरात, हे लोक पावसाच्या अंदाजासारखं विचारायचे. हे गोंधळ आमच्या आडरानातच होते असंही नाही. त्याच वर्षी ब्रिटननं कोव्हिशील्ड लस मान्य केली, पण भारताचं प्रमाणपत्र मान्य केलं नाही. आपल्या प्रमाणपत्रावर वय होतं, त्यांना जन्मतारीख हवी होती. भारतानंही ब्रिटिश प्रवाशांना उलट दहा दिवस विलगीकरणात बसवलं, तेव्हा ऑक्टोबरात दोन्हीकडचं भांडण मिटलं.

आता वारीचं. पैठणहून निघणारी संत एकनाथांची पालखी आमच्या शिरूर कासार, पाटोद्याकडून पंढरीला जाते. पारगाव घुमरा इथलं रिंगण पाहायला आम्ही लहानपणी बैलगाडीनं जायचो. २०२० च्या आषाढीच्या आदल्या दिवशी, ३० जूनला, मानाच्या पालख्या एसटी बसमधून, मोजक्या वारकऱ्यांसह, पोलीस बंदोबस्तात पंढरपूरला गेल्या. वाटेतल्या गावांना रस्त्यावर येऊ नका असं बजावलेलं. आजीच्या टोचणीच्या काळात सुई घेणाऱ्याला आत जाता येत होतं. या वेळी सुईच नव्हती, म्हणून दारच बंद. लोकांनी घराच्या उंबऱ्यात उभं राहून बसला हात जोडले. वारकऱ्यांनी हे ज्या समजुतीनं घेतलं, तेवढी समजूत आदेश काढणाऱ्यांना रोज दाखवता आली नाही.

एक कायद्याची गंमतही सांगून ठेवतो. हे सारे नाके ज्या कायद्यांवर उभे राहिले, त्यातला साथरोग कायदा १८९७ चा, मुंबईच्या प्लेगच्या वेळचा. इंग्रजांनी तो आपल्या मुलुखापुरता केला होता. स्वातंत्र्यानंतरही त्याच्या पहिल्याच कलमात पूर्वीच्या 'ब' वर्गातल्या, म्हणजे जुन्या संस्थानांच्या, राज्यांचा अपवाद छापलेला राहिला आणि हैदराबाद त्याच वर्गातलं. २२ एप्रिल २०२० च्या वटहुकमानं तो अपवाद वगळला. निजामाची हद्द कायद्याच्या त्या ओळीतून पुसली गेली, तेव्हा आमचा नाका लागून महिना होत आला होता.

पण जुने दिवस सगळे गोड होते असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. पारावरच्या त्या प्रश्नात आडनाव विचारलं जायचं ते सोयरीक काढायला, तसंच जात काढायलाही. काहींना चहा घरातून यायचा आणि काहींना वेगळ्या कपात, बाहेर. ऊसतोड्यांची कोपी, म्हणजे झोपडी, तर कुठल्याही गावात कायम गावाबाहेर. तिथं पाणी मागायचं तरी कुणाच्या तरी परवानगीनं. जी अडवणूक आम्हा बाकीच्यांना २०२० साली पहिल्यांदा समजली, ती काही माणसांनी कित्येक हंगाम सोसली होती. नाक्यावर थांबलेल्या गाड्यांच्या रांगेत सगळ्यात शांत तेच बसलेले असायचे, हे मी पाहिलं आहे. ती शांतता सवयीची होती.

आज हे नाके कुठं होते ते नव्या माणसाला दाखवताही येणार नाही. शेडचे पत्रे कुणीतरी गोठ्याला लावले. नगरचं अहिल्यानगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. २०२० साली बीड शहरात यायला रस्त्याशिवाय दुसरी वाट नव्हती. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनाच्याच दिवशी, अहिल्यानगर-बीड रेल्वे सुरू झाली. त्या गाडीत आमच्याकडच्या बाया डबा उघडून शेजारणीला विचारतात, "कुठून आलाव, माय?" आणि प्रश्न पुन्हा पहिल्यासारखा झाला आहे. पुतण्याच्या मोबाईलमध्ये तो जुना पास अजून आहे. त्याच्या मुलीला तो कशाचा कागद आहे ते कळत नाही, आणि तिला ते नीट समजावून सांगणं मलाही जमत नाही.

मला त्या दोन वर्षांतून एकच गोष्ट ठामपणे कळली. नियमांचा अर्थ लागत होता तो आदेश वाचून नाही, तर माणसं धरून. तलाठी, आशाताई, ग्रामसेवक, सेतू केंद्रातला पोरगा, मुकादम यांच्यापैकी एक जण ओळखीचा असला की वाट निघायची. ज्याला कुणी ओळखीचं नाही, त्याची वाट अडायची. करोडगिरीच्या काळीही असंच होतं. ऐंशी वर्षांत राज्य बदललं, सिक्का बदलला, कायदा बदलला. ओळखीवाचून गाडी सुटत नाही हे तेवढं बदललं नाही. ते बदलायचं तर गरिबाच्या हातात स्वतःचा कागद हवा.

तो कागद आता मिळू शकतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं आणि ग्रामसेवकामार्फत ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्र द्यायचं २०२१ मध्ये ठरलं. म्हणून गावोगावच्या शिक्षकांना, सरपंचांना, शिकलेल्या पोरांना माझं सांगणं आहे. यंदा दसऱ्याला मुकादमाची गाडी दारात यायच्या आधी आपल्या वस्तीवरच्या प्रत्येक कोयत्याची, म्हणजे नवऱ्याची आणि बायकोची वेगवेगळी, नोंद झाली का ते पाहा. ओळखपत्र हातात पडलं का ते विचारा. पोरांची नावं राहिली असतील तर तीही घालून घ्या. पुढची साथ केव्हा येईल ते कुणाला ठाऊक नाही. यादी मात्र आजच करता येते.